अबोल माणसानं शिफ्ट सांभाळायची कशी?

"मॅडम, मी गप बसणारा माणूस. पोरं माझं ऐकायची नाहीत बघा."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेला हा गडी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, बरीच वर्षं मोल्डिंगवर (वाळूचे साचे करण्यावर) काढून तो नुकताच शिफ्ट इनचार्ज झाला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ट्रेनिंगमधल्या व्यक्तिमत्त्व चाचणीत 'अंतर्मुख' असा शेरा आला आणि मालक म्हणाले, "आवाज चढवायला शीक." तेव्हापासून झोप उडालेली. बढती परत करू का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

या शेऱ्यांचा मला जरा रागच येतो. अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये केली, पण माणूस पूर्णपणे एकाच बाजूचा असतो असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. चाचणीतून फार तर कल कळतो.

आधीचे इनचार्ज कसे होते, असं मी विचारलं. "लई ओरडायचे. समोर असले की काम जोरात, ऑफिसात गेले की पोरं तंबाखू मळत बसायची." मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांच्या गटांत हेच दिसलं होतं. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. सगळ्यांना विचारून चालणाऱ्याच्या गटात ते बऱ्यापैकी चालू राहायचं.

अर्थात वितळलेलं लोखंड लॅडलमधून (मोठ्या पळीतून) ओतताना कुणाचं मत विचारत बसता येत नाही. "तिथं मी ओरडतोच की!" तो पटकन म्हणाला. म्हणजे आवाज होता. घोडं अडलं होतं ते कालपर्यंत शेजारी बसून डबा खाल्लेल्या दोस्ताला 'उशीर का झाला' विचारण्यापाशी.

मग सरावासाठी मी तो दोस्त झाले. पहिल्या खेपेला स्वारी "असू दे, जाऊ दे" वर आली. बऱ्याच खटपटीनंतर वाक्य जमलं: "दोनदा उशीर झाला, लाइन थांबली. उद्यापासून काय करायचं, तूच सांग." तेही चारचौघांत नाही, चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन.

शिफ्टच्या सुरुवातीला भाषण ठोकायचं नाही, रिजेक्शनच्या, म्हणजे नापास झालेल्या मालाच्या, ढिगाजवळ उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, हे त्यानंच ठरवलं. पुढच्या भेटीत सांगत होता, वाळूत ओल जास्त होतेय म्हणून ब्लोहोल (ओतीव मालात हवेची भोकं) येताहेत, हे जुन्या मोल्डरला कधीचं ठाऊक होतं. "मग बोलला का नाहीस?" तर म्हणे, विचारलं कुणी?

मालक अजूनही "आवाज चढव" म्हणतात. बढती मात्र त्यानं ठेवली आहे.