परसातलं विचारा : वाड्याच्या खिडक्या भंगारात घालू नका

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं माळवदाचं जुनं घर औंदा उतरवलं. ओसरीला वडलांनी मागं कधीतरी काचेच्या खिडक्या बसवल्या होत्या, सागवानी, अडीच बाय तीन फुटाच्या सहा, त्या धड निघाल्या. भंगारवाला कवडीमोलानं मागतोय. शेतातल्या ठिबकच्या जुन्या १६ एमएमच्या नळ्या पडून आहेत, बारा एमएमच्या सळया पण उरल्यात. घरची मंडळी म्हणतात परसात ग्रीनहाऊस करा, टोमॅटो-मिरचीची रोपं घरचीच होतील. मोबाईलवर तर सगळे अख्खं काचेचं घर करतात, आपल्याकडं चालंल का? जागा आठ बाय दहा फूट आहे.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : दादा, भंगारवाल्याला आधी नाही म्हणून टाका. खिडक्या लाखमोलाच्या आहेत. पण अख्खं काचेचं घर मात्र करू नका.

ते व्हिडीओ बहुतेक थंड मुलखातले असतात, तिथं ऊब धरून ठेवायची मारामार. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कधीमधी ५-६ अंशांवर उतरतो खरा, पण तेवढ्या रात्री सोडल्या तर आपलं सगळं भांडण उन्हाशीच आहे, मे महिन्यात ४२-४३ म्हणजे नेहमीचंच झालं. बंद घरात ऊन आत येतं, माती तापते, मातीवरची हवा तापून वर जाते अन् तिथंच कोंडते. माझ्या पहिल्या शेडमधे फेब्रुवारीत असंच झालं, सकाळी गार होतं म्हणून दार-खिडक्या लावल्या, लग्नाला गेले, चार वाजता येऊन बघते तर टोमॅटोचा ९८ कप्प्यांचा अख्खा ट्रे माना टाकून पडलेला, पानं हाताला उकडलेल्या मेथीसारखी लागत होती आणि खालची माती तर ओलीच होती. पाणी कमी पडलं नव्हतं, हवा कोंडली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की आधी हवा बाहेर कुठून जाणार ते ठरवा, मग खांब रोवा.

साधारण हिशोब असा की जमिनीच्या पाचव्या हिश्श्याएवढी तरी उघडी जागा हवी. तुमची जागा ८० चौरस फूट, म्हणजे १६. तुमच्या सहा खिडक्या उघडल्या की ४५ होतात, म्हणजे दुपटीच्याही वर, आपल्या उन्हाला तेवढं पाहिजेच. चार खाली लावा, दोन समोरच्या बाजूला अगदी वर छताजवळ, बिजागरी वरच्या कडेला अन् उघडायची बाहेर. खालून गार हवा शिरते, वरून तापलेली निघून जाते, पंखाबिंखा काही लागत नाही.

जागा निवडताना घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला टेकवून करा. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतर घराचीच सावली पडते.

छताला काच नको म्हणजे नकोच. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण मराठवाड्यातली माणसं विसरलेलो नाही. छताला सळईच्या कमानी करा, घराकडनं समोर उतार ठेवून, आणि इथं तुमच्या ठिबकच्या नळ्या कामाला येतात. १६ची नळी १२च्या सळईवर मोज्यासारखी चढते, चढत नसली तर जरा उन्हात ठेवा, मऊ पडते. नळी न घालता प्लास्टिक टाकलं की तापलेली सळई नेमकं टेकलेल्या जागी त्याला खाते, आणि फाटायला सुरुवात तिथनंच होते. उरलेल्या नळीचे वीतभर तुकडे करा, लांबीत चिरा, आणि प्लास्टिकवरनं कमानीवर दाबून बसवा, चापासारखे घट्ट बसतात, खिळा नको, तार नको, काढायचं म्हटलं की दोन मिनिटात निघतं.

प्लास्टिक तेवढं विकत घ्या, २०० मायक्रॉनचं यूव्हीवालं, म्हणजे उन्हाला टिकणारं. इथं काटकसर करू नका, दुकानातला साधा पांढरा प्लास्टिकचा कागद एका उन्हाळ्यात पापडासारखा मोडतो आणि त्याचे तुकडे मग वर्षभर मातीतून वेचावे लागतात. होळी झाली की प्लास्टिक गुंडाळून ठेवायचं अन् त्याच कमानीवर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी नेट टाकायची. मृग लागला की परत प्लास्टिक, पण बाजू उघड्या. खालच्या कडेला जुना पन्हाळ बांधून टाकीत सोडलात तर १० मिलीमीटरच्या पावसात तुमच्या छतावरनं सत्तरेक लिटर पाणी मिळंल. रोपांना ते फार मानवतं.

अन् उन्हाळ्यात त्यात टोमॅटोचं पीक धरायच्या नादी लागू नका, ३५च्या वर पारा गेला की फुलं गळतात, नेट असली तरी. रोपं करा, कोथिंबीर करा.

प्रश्न : ताई, जुन्या चौकटीचा ऑइलपेंट घासून काढू का? आणि शेडच्या एका बाजूला जुने सिमेंटचे पत्रे कापून लावले तर?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : काकू, पत्रे कापू नका, भोकही पाडू नका. जुन्या सिमेंटपत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत गेली की निघत नाही, त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. अख्खा, न फुटलेला पत्रा तसाच आडवा उभा करता येत असंल तर ठीक, नाहीतर राहू द्या, टिनाचा बघा.

रंगाचं असं की घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. कोरडं घासू नका, पाणी मारून ओलं करून खरवडा, तोंडाला मास्क, खाली जुनं पोतं, लेकरं लांब. निघालेला रंग पोत्यासकट गुंडाळून बाजूला काढा, परसात झटकू नका, त्याच मातीत तुम्ही उद्या मेथी लावणार आहात.