सोलापुरात राहून काही सुचत नाही, पुण्याला जाऊ का?

तुमचा प्रश्न असा, की कित्येक महिने झाले, चित्र सुचत नाही, कविता दोन ओळींपुढे सरकत नाही, तर हा ब्लॉक घालवायचा कसा. इथपर्यंत ठीक. पण खाली तुम्ही जोडलंय, "सोलापूरसारख्या ठिकाणी प्रेरणा घ्यावी असं आहेच काय?" खरं सांगतो, त्या वाक्यासाठीच मी लिहायला बसलोय.

मी जेकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणून निघणाऱ्या, चादरींची डिझाइनं काढतो. ग्राफपेपरवर चौकटी भरण्यातच आयुष्य गेलं. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर होतं, माझा हात मात्र अजून पेन्सिलीचाच. तुमच्या घरी मोराची सोलापुरी चादर असेल तर ती कुणीतरी अशीच चौकट-चौकट मोजून काढलेली आहे. खाली सही नसते, एवढंच.

माझे दाजी पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात होते. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येतात, होम मैदानावर फिरतात, परत जाताना शेंगाचटणी बांधून नेतात आणि जेवताना न चुकता ऐकवतात, "तुझं कौशल्य आहे रे, नाही म्हणत नाही. पण क्रिएटिव्हिटी वेगळी." ताई समोर असते म्हणून मी भाकरी मोडत बसतो.

तर एकदा आमच्या कारखानदारानं मला बोलावलं. लग्नसराईचा माल काढायचा होता, आणि व्यापारी म्हणत होता, तेच तेच मोर किती दिवस विकायचे? "काय पण काढा मास्तर, पण नवीन काढा." 'काय पण' म्हटलं ना, तिथंच घात झाला. रोज कागद पुढ्यात घ्यायचो. फूल काढलं की कुठंतरी बघितलेलं वाटायचं, वेल काढली तर मीच आधी काढलेली निघायची. दाजींना फोन केला. ते म्हणाले, "डोकं मोकळं सोड. महाबळेश्वरला जाऊन ये चार दिवस. याला इन्क्युबेशन म्हणतात." महाबळेश्वर काही परवडणारं नव्हतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून बघितलं. मन शांत झालं, डिझाइन काही आलं नाही.

मग सुचायची वाट बघणं सोडलं आणि घरातली एक जुनी, विरलेली मोराची चादर काढली. कुणी काढलेली होती देव जाणे. भिंगाखाली धरून एकेक धागा मोजत ती आख्खी ग्राफवर उतरवायला घेतली. इथं थोडं यंत्राचं सांगावं लागेल. जेकार्डला जितके हुक, तितकेच उभे धागे वेगवेगळे उचलता येतात. तेवढ्या रुंदीत तुमचं चित्र संपलं पाहिजे, पुढं तेच रिपीट. साध्या हिशोबात ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे एक पत्ता, म्हणजे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी, आणि एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. पत्त्याला भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. १८०४ साली जेकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं हे बसवलं, तत्त्व अजून तेच आहे. आणि धागा फार लांब मोकळा सोडून चालत नाही, बांगडीत अडकतो, पायाच्या बोटात अडकतो. म्हणून मोठी जागा एका रंगात भरायची असली तरी मधे मधे ठिपका टाकून धागा बांधावा लागतो.

त्या मोराच्या पिसाऱ्यात हे बांधणीचे ठिपके होते. आमच्यातले बरेच जण ते कसेही टाकतात. या माणसानं ते तिरपे, जोडीजोडीनं, एकाखाली एक सरकवत नेले होते. भिंगाखाली बघता बघता लक्षात आलं, अरे, हे तर ज्वारीचं कणीस आहे! त्याच्या मनात ज्वारी नसणारच, तो बिचारा धागा बांधत होता. मी मोर काढून टाकला आणि ठिपके ठेवले.

पहिलं कणीस बुटकं आलं. इंचातले उभे आणि आडवे धागे सारखे नसले की कागदावरचा गोल कापडावर गोल राहत नाही, त्याचं माप धरून ग्राफ निवडावा लागतो. घरात मंगळवेढ्याची ज्वारी येते, पण भरलेलं कणीस हातात घेऊन नीट बघितलं ते तेव्हाच. मग दाणे पुन्हा मांडले. या चादरीला उलट बाजूनं रंग अदलाबदल होऊन येतात, तुम्हाला माहीत असेलच. सुलट्या बाजूला भरलेलं कणीस, आणि उलटीकडं पाखरांनी खाऊन टाकल्यासारखं पोकळ. मला उलटीच जास्त आवडली.

कारखानदारानं नमुना बघितला आणि विचारलं, "मोर कुठंय ओ मास्तर?" शेवटी काठाला कणीस, मधे मोर, असं ठरलं. माल बऱ्यापैकी गेला. दाजी म्हणाले, "छान आहे, पण मूळ कल्पना तुझी कुठं आहे यात?"

तर दाजींच्या त्या इन्क्युबेशनबद्दल. ते ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं १९२६ साली मांडलं. त्यानं पायऱ्या चार सांगितल्यात: आधी तयारी, मग मुरू देणं, मग सुचणं, मग पडताळणं. दाजी थेट दुसऱ्या पायरीवर जाऊन बसतात. घागरीत काही टाकलंच नाही तर मुरणार काय? मूड, वातावरण, हिरवळ हे सगळं तयारी झालेल्या माणसाचे लाड आहेत. तुमचं 'सुचत नाही' हेसुद्धा मला बहुतेक तसलंच वाटतं. एखादं चांगलं चित्र घ्या आणि आख्खं हातानं उतरवा, मोबाईलवर फोटो काढून नाही. दोनच रंग घ्या, कागद तळहाताएवढा घ्या. मोकळं मैदान दिलं की आपण घुटमळतो.

आणि सोलापुरात काय आहे म्हणता? अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत दुपारी उभं राहून मागाचा आवाज ऐका. एकाच दुकानात गिऱ्हाईक तेलुगूत भाव करतं, मालक कन्नडमध्ये पोराला हाक मारतो आणि हिशोब मराठीत होतो, ते ऐका. यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेलायचे उंच काठ्यांचे ध्वज, निघतात. सगळे वर ध्वजाच्या टोकाकडं बघतात, तुम्ही बाराबंदीच्या पांढऱ्या पोशाखातल्या पेलणाऱ्याच्या मानेकडं बघा. ती मान कुणी चित्रात उतरवलेली मी तरी बघितली नाही.

एक राहिलं. नक्कल शिकण्यापुरती, विकण्यासाठी नाही. जीआय, म्हणजे सोलापुरी नावाचं भौगोलिक मानांकन, असूनही बाहेर कुठंतरी विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून खपवल्या जातात, आम्हाला ते चांगलंच झोंबतं. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच जीव रमत नाही असं असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडं जा. तो ब्लॉक नव्हे. कवितेचं मला काही कळत नाही, त्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहावं.

पुण्याला नोकरीसाठी जायचं तर खुशाल जा. चित्रं बघायला जायचं असेल तर बिऱ्हाड हलवायची गरज नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघालात की रात्री घरी परत येता.