‘अपराधी’ नव्हे, चुटपुट

प्रश्न : मॅडम, पुण्यात तळजाई टेकडीवर आम्ही सकाळी सहाला बायकांचा व्यायामगट चालवतो. जानेवारीत 38 जणी होत्या, पाडव्यापर्यंत 13 उरल्या. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांकडून एक कागद भरून घेतला होता. ‘तुम्ही व्यायाम का करता?’ आरोग्य, वजन, आनंद, इतर, यांपैकी एकावर खूण करायची. 31 जणींनी ‘आरोग्या’वर खूण केली. आरोग्याची एवढी काळजी असून बायका गळतात कशा? पुढच्या वेळी काय विचारू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, तुम्ही कागद भरून घेतलात आणि जपूनही ठेवलात, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण त्यावरचा ‘आरोग्य’ हा शब्द म्हणजे मोठं गाठोडं आहे. डॉक्टरांनी दटावलं म्हणून येणारी, आईला मधुमेह होता या धास्तीने येणारी आणि टेकडी चढताना हलकं वाटतं म्हणून येणारी, अशा तिघींनी एकाच चौकटीत खूण केली असणार.

वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या डेव्हिड मार्कलंड आणि डेव्हिड इंगलड्यू यांनी 1997 मध्ये ‘एक्सरसाइज मोटिव्हेशन्स इन्व्हेंटरी’ या व्यायामाची कारणं मोजणाऱ्या प्रश्नावलीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिने हे गाठोडं उलगडलं आहे. तिच्यात 51 विधानं आहेत. प्रत्येकापुढे 0 ते 5 यांपैकी आकडा द्यायचा: 0 म्हणजे माझ्या बाबतीत मुळीच खरं नाही, 5 म्हणजे अगदी खरं. त्यातून 14 कारणांचे वेगवेगळे गुण निघतात. डॉक्टरी दबाव, आजार टाळणं आणि निरोगी वाटणं ही तिथे तीन स्वतंत्र कारणं आहेत. शिवाय ताण हलका होणं, मैत्रिणी भेटणं, दिसणं, चपळपणा वगैरे आहेतच. या सगळ्यांची मिळून एकच बेरीज कधी करू नका. प्रत्येक कारणाची सरासरी वेगळी काढायची.

हे झालं ‘कशासाठी’. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणाच्या मर्जीने’ यात आहे. माणूस स्वतःच्या मर्जीने वागतो की दबावाने, याबद्दलच्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतावर उभी असलेली ‘बीआरईक्यू-2’ (2004) ही 19 विधानांची प्रश्नावली तेच मोजते. घरचे म्हणतात म्हणून, नाही केला तर मनाला खातं म्हणून, मला स्वतःला त्याचं मोल पटलंय म्हणून, मजा येते म्हणून. आणि पाचवी अवस्था म्हणजे ‘कशाला करायचा, तेच कळत नाही’. पेद्रो तेशेरा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये व्यायामामागची ही मर्जी तपासणाऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला. व्यायाम सुरू करताना पटलेलं मोल अधिक उपयोगी पडतं. वर्षानुवर्षं टिकायला मात्र त्यातली गोडीच जास्त लागते, असं त्यात दिसलं. तुमच्या 13 जणींना तळजाईवर काय गोड लागलं, ते शोधायला हवं.

या प्रश्नावल्या मुळात इंग्रजीत आहेत. म्हणून आता भाषांतराबद्दल, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांसाठी मी ‘मनाला खातं’ या कारणाचं एक विधान मराठीत केलं होतं: ‘व्यायाम न केल्यास मला अपराधी वाटते.’ जवळजवळ सगळ्यांनी 0 लिहिलं आणि मी खुशाल समजून बसले की यांच्या मनावर कसलं ओझं नाही. कागद गोळा केल्यावर बाकावर बसलो, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “अपराध कसला गं? मी कुणाचं काय बिघडवलंय? पण एक दिवस चुकला की दिवसभर चुटपुट लागते बघ.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते सगळे कागद मला बाजूला ठेवावे लागले. मराठीत ‘अपराधी’ शब्दाला दुसऱ्याचं नुकसान चिकटलेलं आहे. स्वतःशी केलेला शब्द मोडल्याची जी बोच असते, ती ‘चुटपुट’मध्ये येते.

प्रश्नावली प्रमाणित आहे म्हणजे काय, तर ती शेकडो जणांवर तपासली आहे आणि एका कारणाची म्हणून लिहिलेल्या विधानांचे गुण खरोखर एकमेकांबरोबर वरखाली होतात असं आढळलं आहे. भाषा बदलली की ही हमी आपोआप सोबत येत नाही. 38 जणींवर तुम्हाला ती नव्याने सिद्ध करता येणार नाही, आणि तसा दावाही करू नका. पण एकीने मराठी करावं, मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते परत इंग्रजीत न्यावं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहावं. मग पाच-सहा जणींना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ यात घाई करू नका.

कागदावर नाव नको. गोळा करायलाही तुम्ही स्वतः उभ्या राहू नका. तुमच्यावरच्या मायेपोटी बायका तुम्हाला आवडेल तेच लिहितील. खोका ठेवा.

आणि गळालेल्या 25 जणींना वगळू नका. ही 51 विधानांची यादी व्यायाम न करणाऱ्यांनाही भरता येते, ‘केला तर कशासाठी कराल’ अशा अर्थाने. घरी जाऊन कागद द्या, चहा घ्या, पण ‘येत का नाही?’ हे तोंडून काढू नका. ते विचारलंत की पुढची सगळी उत्तरं सबबी होतील.