देवदाराची रोपे खानदेशात लावावीत का?

चोपडा आणि शिरपूर भागातून दोन प्रश्न आले आहेत. बांधावर लावण्यासाठी एक विक्रेता देवदाराची रोपे देतो आणि "कठीण लाकूड आहे, वाळवी लागत नाही" असे सांगतो, ती घ्यावीत का? आणि कारखान्यांतून स्वस्तात मिळणाऱ्या पाईनच्या (चिडाच्या) पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या फळ्या गोठ्याला चालतील का?

रोपे घेऊ नका. देवदार हे हिमालयातले झाड, साधारण 1500 ते 3000 मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे वाढणारे. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांत ते तग धरणार नाही; तोरणमाळची उंचीसुद्धा त्याला कमी पडते. दाखवलेली रोपे उलट्या अशोकाची आहेत का, तेही पाहा. काही भागांत त्यालाच देवदार म्हणतात.

देवदाराच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही हे खरे. पण तो मऊ लाकडाच्या गटात मोडतो. हे गट टणकपणावरून नव्हे, झाडाच्या जातकुळीवरून पडले आहेत. देवदार, चीड, फर यांना फळ धरत नाही. बी शंकूच्या खवल्यांवर उघडे असते. ही सगळी मऊ गटातली. साग, बाभूळ, निंब, खैर, अंजन यांना फुले येतात आणि बी फळात तयार होते, म्हणून ती कठीण गटातली. त्यामुळे अंजनाचे पाण्यात बुडणारे लाकूड आणि काडेपेटीच्या काड्यांसाठी वापरली जाणारी हलकी सावर एकाच गटात बसतात! सुरूची सुईसारखी पाने आणि शंकूसारखी फळे पाहून फसू नका. तेही कठीण गटातलेच. तून झाडाला 'रेड सिडार' म्हणून खपवतात. ते निंबाच्या कुळातले, देवदाराशी त्याचे नाते नाही. बांबू तर गवत आहे.

ओळखायचे असेल तर फळीचे टोक धारदार पात्याने साफ कापा, ओले करा आणि भिंगातून पाहा. सागात वलयांच्या ओळीने छिद्रे दिसतील. पाईनमध्ये तशी छिद्रे नसतात, ताज्या कापाला राळेचा वास येतो.

टिकाऊपणा मात्र गटावरून ठरत नाही, आणि खरेदीत नेमके हेच विसरले जाते. सागाचा तपकिरी गाभा टिकतो, बाहेरचा पांढरा भाग वाळवी खाते. कोवळ्या सागात पांढराच भाग जास्त. स्वस्त सागाचे दार घेण्याआधी फळीची कड बघा.

बांधाला साग, निंब किंवा हलक्या, मुरमाड जमिनीत अंजन लावा. अंजन सावकाश वाढते, घाई असेल तर नको. साग लावलात तर सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, पुढे तोडीच्या परवानगीला ती उपयोगी पडते.

पॅलेटच्या फळ्या छताखाली, जमिनीला न टेकवता वापरा. मातीत पुरल्या तर वाळवी लागेल. त्यांवरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेले लाकूड, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाईल ब्रोमाईड वायूची धुरी दिलेले. असली फळी गव्हाणीला नको आणि चुलीतही घालू नका.