उजेड कुठून आला, ते आधी बोला

प्रश्न : आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा जमून एकमेकांचे फोटो बघतो. सगळे 'मस्त', 'झकास' म्हणतात. कुणी चूक दाखवली की समोरच्याचा चेहरा पडतो. अभिप्राय द्यावा तरी कसा? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : एक पद्धत करून बघा. फोटो लावला की काढणाऱ्यानं गप्प बसायचं. बघणाऱ्यांनी सांगायचं की नजर आधी कुठे गेली, उजेड कुठून आलाय, सावली कुठे पडलीय. 'छान' आणि 'वाईट' हे दोन शब्द तेवढा वेळ बंद. मग काढणाऱ्यानं सांगायचं की त्याला काय दाखवायचं होतं. या दोन्हींत जे अंतर निघेल, चर्चा तेवढ्याचीच. असं केलं की बोलणं माणसावर घसरत नाही, फोटोवर राहतं.

समजा, कुणी भर दुपारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा (होळकरांच्या दगडी स्मारकांचा) फोटो काढून आणला. 'यात काही मजा नाही' म्हटलंत तर तो हिरमुसेल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा म्हणा, 'ऊन थेट डोक्यावरून आलंय, म्हणून भिंतीवरचं कोरीवकाम सपाट दिसतंय. ऊन तिरपं असेल तेव्हा जा, म्हणजे प्रत्येक मूर्तीच्या कडेला सावली मिळेल आणि दगडाला उठाव येईल.' हे ऐकून तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथे जाईल. ज्या अभिप्रायानं माणूस पुन्हा कॅमेरा उचलतो, तोच मला खरा वाटतो. आणि कृपा करून 'कॅमेरा कुठला?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा.

प्रश्न : आजीच्या पंचाहत्तरीला तिला खिडकीपाशी बसवून फोटो काढले. खिडकी मागे होती, चेहरा काळा आला. मोबाईलवर उजळवला तर भुरकट झाला. फ्लॅश लावला तर पैठणीची जर पांढरीफटक! (रामबाग, इंदूर)

उत्तर : फोटो मी नीट पाहिले. आजी अगदी मोकळ्या बसल्यात, ते तुमचं श्रेय. गडबड खुर्चीच्या जागेची आहे. समोरचं सगळं मिळून मध्यम उजळ दिसावं, असा कॅमेऱ्याचा हिशेब असतो. मागे लख्ख खिडकी असली की तो एकूण चित्र गडद करतो आणि त्यात चेहरा बुडतो. बुडालेला भाग नंतर वर ओढला की त्याबरोबर दाणेही वर येतात, तोच तुमचा भुरकटपणा.

खुर्ची फिरवा. खिडकी आजींच्या एका बाजूला, किंचित पुढे यायला हवी. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर एका गालावर एक रंग आणि दुसऱ्यावर दुसरा. अंधाऱ्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरून उभं करा. तो जवळ आणला की सुरकुत्या मऊ होतात, लांब नेला की ठळक. किती ठळक हव्यात, हे आजींना विचारून ठरवा. बुबुळांत खिडकीचा छोटा चौकोन चमकतोय का, ते बघा. तो नसेल तर डोळे विझलेले दिसतात. चष्म्यावर खिडकी उमटत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा.

जरीचं म्हणाल तर ती धातूसारखी वागते, समोर जे असेल ते परत फेकते. फ्लॅश म्हणजे एवढासा झगझगीत ठिपका, म्हणून जरीवर पांढरे डाग पडतात. खिडकी मोठी असते, तिचा उजेड पदरावर पसरतो. फ्लॅशशिवाय गत्यंतर नसेल आणि त्याचं तोंड वळत असेल, तर तो छताकडे करा. छत मात्र पांढरं हवं, रंगीत असलं तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो.

प्रश्न : सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात, रंगही विचित्र. मोबाईल बिघडलाय का?

उत्तर : मोबाईल ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर म्हणजे उजेड आत घेणारी झडप क्षणभरच उघडली की तिला कळतं. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपण हातानं ठरवतो) शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. धावत्या अक्षरांच्या पाट्यांची उघडझाप निराळी असते, त्या चौकटीबाहेरच बऱ्या. रंगाचं कारण म्हणजे एका गाडीवर पिवळा बल्ब आणि शेजारी निळसर पांढरा दिवा. दोन्ही एकदम सावरता येत नाहीत. ताटलीवर एकच दिवा पडेल अशी जागा धरा आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचा रंगांचा तोल) त्याच्यापुरता जुळवा. गराडूची (तळलेल्या कंदाच्या फोडींची) वाफ दिसायला हवी असेल तर दिवा वाफेच्या मागे आणि त्यापलीकडे अंधार असू द्या.

प्रश्न : जुना कॅमेरा टाकून नवा घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. लाला दीनदयाळ इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना, १८७४ च्या सुमारास, छायाचित्रणाकडे वळले. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि सूर्याचा उजेड, एवढ्यावर त्यांनी जे काम केलं ते आजही समोर ठेवून शिकावं असं आहे. तुमचा कॅमेरा त्याहून कितीतरी पुढचा आहे.

प्रश्न : पुतण्यानं रंगपंचमीच्या गेरचे (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे) फोटो काढले. सगळे अस्पष्ट. त्याला काय सांगू?

उत्तर : आधी त्याच्याबरोबर मागची इमारत बघा. तीही हललेली असेल तर हात हलला. इमारत स्वच्छ आणि माणसंच पुसट असतील तर शटर मंद पडलं. उडता गुलाल थांबवायचा तर १/१००० सेकंदाच्या आसपास जावं लागतं. गुलालाचे कण रेखीव आणि चेहरे मऊ असतील तर फोकस गुलालावर बसला. तिन्हींवर उपाय वेगळे, म्हणून नुसतं 'ब्लर आलाय' म्हणून सोडू नका. ऊन समोरून येईल असं उभं राहायला सांगा, मागे सावलीतली भिंत असली की गुलाल पेटल्यासारखा दिसतो. आणि हो, लेन्सवर बसलेला रंग रुमालानं घासू देऊ नका. आधी ब्लोअरनं (हवा मारणाऱ्या रबरी फुग्यानं) उडवा, मगच मऊ कापड.