‘इथल्या शाळेत अभ्यासच नसतो’

“ताई, इथल्या सरकारी शाळेत अभ्यासच नसतो. पोरगं वाया जाईल.” ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मराठी आईवडिलांकडून ही तक्रार माझ्याकडे सतत येते. किनाऱ्यावरच्या गावांतून जरा जास्तच येते, कारण तिथे तीन वाजता शाळा सुटली की मुलं सर्फबोर्ड बगलेत मारून निघालेली दिसतात आणि आपल्या पोटात गोळा येतो. त्या काळजीचं उत्तर मी आज एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. आईवडील आणि मुलगा, तिघांच्याही परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं घेत नाही.

कुटुंब पुण्याचं. वडिलांच्या नोकरीमुळे वुलंगाँगला आलं. सिडनीच्या दक्षिणेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सरळ उभी डोंगराची भिंत, मधल्या पट्टीत शहर. मुलगा चौदा वर्षांचा. जानेवारीच्या अखेरीस इथलं शैक्षणिक वर्ष सुरू होतं, तेव्हा घराजवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये तो नववीत दाखल झाला. ते माझ्याकडे आले ते जुलैत, वर्षाच्या चार सत्रांतलं दुसरं संपल्यावर.

वडिलांनी यादीच करून आणली होती. दप्तरात पुस्तकं नाहीत. गृहपाठ नावापुरता. वर्गात कितवा आला ते विचारलं तर सांगत नाहीत. बुधवारी दुपारभर खेळ. आणि वर ऐच्छिक विषय म्हणून मिळालंय समुद्री जीव आणि मत्स्यपालनाचं ‘मरीन अँड अ‍ॅक्वाकल्चर’. उशिरा प्रवेश घेतला की ज्या विषयात जागा उरली असेल तो पदरात पडतो. “मासे बघायला आणलं का याला इतक्या लांब?” असं ते म्हणाले. सिडनीत पॅरामॅटाकडे घर घ्यायचं, तिथे आपली माणसं आहेत, ट्यूशन आहेत, मुलाला सिलेक्टिव्ह, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेत घालायचं, असं त्यांचं ठरत आलं होतं. आईची तक्रार एकच होती. डबा भरलेला परत येतो. पोळी-भाजीची लाज वाटत असेल म्हणून तिने सँडविच द्यायला सुरुवात केली, तर तेही परत.

अभ्यासाचं मी त्यांना आधी सांगितलं, कारण ते मनातून गेल्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी-वुलंगाँगच्या राज्यात, हायस्कूल म्हणजे सातवी ते बारावी. बारावीच्या शेवटी एचएससी. नाव आपल्याकडच्यासारखं असलं तरी घडण वेगळी. अंतिम गुणांतले निम्मे शाळेतल्या मूल्यमापनातून येतात, निम्मे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लेखी परीक्षेतून. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत घोकून बाजी मारता येत नाही. विषयांचा भार युनिट्समध्ये मोजतात: अकरावीला किमान १२ युनिट्स, बारावीला किमान १०, त्यात इंग्रजी सक्तीचं. गणिताच्या पायऱ्या आहेत: स्टँडर्ड, अ‍ॅडव्हान्स्ड, त्यावर एक्स्टेन्शन. ही निवड दहावीत होते, तेव्हा नववी-दहावीत गणिताकडे लक्ष हवंच. विद्यापीठासाठी लागतो तो एटार हा गुणांचा टक्का नसून बाकीच्या मुलांच्या तुलनेतला क्रमांक आहे, जास्तीत जास्त ९९.९५. सिलेक्टिव्ह शाळांचा मुख्य प्रवेश सातवीला होतो आणि त्याची परीक्षा सहावीत असते. पुढच्या वर्गांत जागा रिकामी झाली तरच. त्या आशेवर घर बदलण्याचा सल्ला मी देणार नाही, असं मी स्पष्टच सांगितलं.

मग मी मुलाशी एकट्याशी बोलले. त्याचा जीव धोक्यात आहे असं वाटलं तरच तुम्हाला सांगेन, बाकी त्याचं त्याच्यापाशी, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं.

अभ्यासाबद्दल तो फारसं बोललाच नाही. गणित पुण्यात झालेलं होतं, इंग्रजी जमत होतं. मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, शाळेचा नकाशा काढ, मधल्या सुट्टीचा. त्याने फार बारकाईने काढला. कॅन्टीनसमोरचे अ‍ॅल्युमिनियमचे बाक बारावीचे. डांबरी चौकोनांवर हँडबॉल खेळणारे आठवीचे. ओव्हलवर, म्हणजे मोठ्या मैदानावर, फुटीवाले, इथलं रग्बी खेळणारे. जिन्याखाली मुलींचा एक घोळका. वाचनालयासमोर पाण्याचे नळ, इथे त्यांना बबलर म्हणतात. “आणि तू कुठे?” त्याने बबलरपासून पलीकडच्या इमारतीपर्यंत रेघ ओढली, मग परत, मग पुन्हा तिकडे. बाटली भरायची, चालत तिकडे जायचं, बाटली झाडापाशी ओतायची, परत भरायला यायचं. कुठेतरी निघालोय असं दिसतं, म्हणाला. डबा खायचा तर बसावं लागतं, आणि बसायचं कुणापाशी?

आपल्याकडच्या मुलाला ‘नववी ब’ अशी तुकडी असते. एक खोली, एक बाक, शेजारी कोण ते बाईंनी ठरवलेलं. दोस्ती मागावी लागत नाही, बाकावर बसल्या बसल्या होते. इथल्या हायस्कूलमध्ये सकाळच्या रोलकॉलनंतर मुलं पांगतात. पंधरवड्याचं वेळापत्रक, आठवडा ए आणि आठवडा बी. दर तासाला वेगळी खोली आणि वेगळी मुलं. गणिताच्या वर्गातला एकही चेहरा इतिहासाला दिसेलच असं नाही. सातवीत सगळेच नवे असतात, तेव्हा गट जमतात. नववीत येणाऱ्याच्या वाट्याला जमलेले गट येतात. त्यातून २०२३ च्या चौथ्या सत्रापासून राज्यातल्या सरकारी हायस्कूलांत शाळेच्या वेळेत मोबाइलला बंदी आहे. मला हा निर्णय मनापासून पटतो. पण एकट्या पोराला तोंड लपवायला पडदाही त्यामुळे उरला नाही, हेही खरं.

बोलता बोलता आणखी एक निघालं. मरीनच्या वर्गाची प्रात्यक्षिकं समुद्रावर असत. खडकांतली डबकी पाहायची, स्नॉर्केलिंग शिकायचं. त्याला पोहता येत नव्हतं आणि ते वर्गात सांगायची लाज वाटत होती. त्या दिवशी तो सकाळी पोट दुखतंय म्हणायचा. विषयच फालतू वाटत असल्याने वडील खुशाल गैरहजेरीची चिठ्ठी पाठवायचे. आणि नेमकं त्याच वर्गात शिक्षक जोड्या लावतात. जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचं नाही हा तिथला पहिला नियम असतो. अख्ख्या वेळापत्रकात मित्र हाताशी आणून देणारा एकच तास होता आणि घरचे त्याला नेमकं त्यातूनच सोडवत होते.

त्याच्या संमतीने मी हे आईवडिलांना सांगितलं. आई रडली. वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “मला विहिरीत पोहायला शिकवलं होतं आजोबांनी. पाठीला डबा बांधून.” बार्शीकडचं गाव त्यांचं. वुलंगाँगच्या किनाऱ्यावर खडकांत बांधलेले समुद्राच्या पाण्याचे तलाव आहेत, तिथे पोहायला पैसे पडत नाहीत. गारठा सरल्यावर ऑक्टोबरपासून बापलेक दर शनिवारी सकाळी तिथे जायला लागले.

शाळेकडचं काम आईने केलं. कुणाला लिहायचं हेच अनेकांना ठाऊक नसतं. मुख्याध्यापकांना थेट लिहायची गरज नाही. प्रत्येक इयत्तेला एक इयर अ‍ॅडव्हायजर असतो, बहुतेक शाळांत तोच शिक्षक त्या मुलांबरोबर वरच्या वर्गात सरकत जातो. मुलाची खुशाली ही त्याची जबाबदारी. विषयाची तक्रार असेल तर त्या विषयाचे हेड टीचर. शिस्तीचं, वेळापत्रकाचं डेप्युटी प्रिन्सिपलकडे. शाळेचा समुपदेशक निराळा, तो विनाशुल्क भेटतो. आईने चार ओळींचा ईमेल केला: मुलगा मधल्या सुट्टीत एकटा असतो, पोहता येत नाही म्हणून समुद्रावर यायला घाबरतो, त्याला सगळ्यांसमोर विचारू नका. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला सांगितलं होतं.

तिसऱ्या सत्रात मरीनच्या शिक्षकांनी त्याला खडकांवरची मोजणी आणि नोंदी दिल्या, पाण्यात उतरायची सक्ती न करता, आणि जोडीला एक मुलगा दिला. तोही अबोल, वर्षभरापूर्वी गाव बदलून आलेला. दुपारी वाचनालयात बुद्धिबळ चालतं हे इयर अ‍ॅडव्हायजरने त्या दोघांना सांगितलं. तिथे डबा खाता येत नाही, म्हणून दोघं आधी बाहेर कठड्यावर बसून खातात. वर्षअखेरीपर्यंत डबा रिकामा यायला लागला, पोळी-भाजीचाच. फुटी त्याला आजही आवडत नाही, सर्फिंगचं नाव काढत नाही, आणि ते ठीक आहे.

घर त्यांनी बदललं नाही. गणिताची एक ऑनलाइन शिकवणी लावली, कारण वडिलांना एक्स्टेन्शन हवंय आणि मुलालाही चालणार आहे. पालकसभेत प्रत्येक शिक्षकाबरोबर पाच मिनिटं मिळतात, वेळ आधी ऑनलाइन घ्यायची असते. वडील आता त्यातला पहिला प्रश्न ‘हा वर्गात कुणाशी बोलतो?’ असा विचारतात.

तुमचं मूल अशा शाळेत नवं असेल तर त्याला संध्याकाळी विचारा, डबा कुठे बसून खाल्लास. उत्तर गोलमोल आलं तर त्याच आठवड्यात इयर अ‍ॅडव्हायजरला लिहा, सत्र संपायची वाट पाहू नका. झोप उडाली असेल, शाळेत जायचंच नाही म्हणत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मुलाला स्वतः बोलायचं असेल तर किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८०० वर पाच ते पंचवीस वयाच्या कुणालाही चोवीस तास मोफत फोन करता येतो. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर ०००, हा इथला आपत्कालीन नंबर, लावा.