धाकट्याचं ग्राउंड बंद करू का?

“मॅडम, थोरला तर हातचा गेला. आता धाकट्याचं ग्राउंड बंद करू का?”

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं खुर्चीत नीट टेकायच्या आतच हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत.) थोरला सुमित वीस वर्षांचा, ‘बटण’ घेत होता. नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळीला आमच्याकडं पोरं बटण म्हणतात. धाकटा ओंकार दहावीत, रोज संध्याकाळी कबड्डी. वाईट संगत ग्राउंडवरच लागते असं वडिलांचं ठाम मत, म्हणून त्याचे बूट त्यांनी धान्याच्या कोठीवर टाकून दिले होते. ओंकार शेजारी मान खाली घालून बसला होता आणि कोपरावरची वाळलेली खपली नखानं उचकटत होता.

हा प्रश्न माझ्याकडं वारंवार येतो, शब्द तेवढे बदलतात. एका लेकराचं बिघडलं की आईबाप दुसऱ्याच्या सगळ्या दारांना कड्या घालतात. त्यांचा राग करावासा मला कधीच वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

सुमितला मी एकट्याला आत बोलावलं. गोळ्यांचं काही न काढता विचारलं, शेवटचं कबड्डी कधी खेळलास? त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. अकरावीला लातूरला ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासला टाकलं, त्याच्या आदल्या दिवशी. तोवर गावच्या संघात पहिली चढाई त्याची असायची. लातूरला एका रूमवर चौघं; सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, रात्री अभ्यास.

“साडेपाच झाले की अंगात कसंतरीच व्हायचं. पाय शिवशिवायचे. ग्राउंडची वेळ ना ती. जायचं तर कुठंच नव्हतं.”

मग साडेपाचला टपरीवर उभं राहणं सुरू झालं. तिथंच गुटख्याची पुडी. टेस्टमध्ये मार्क घसरले, झोप उडाली, तेव्हा अर्धं बटण हातात पडलं तेही त्याच टपरीवर.

खेळ सुटला म्हणूनच नशा लागली, असं मी म्हणणार नाही. घरापासून तुटणं, मार्कांची धास्ती, गोळी सहज मिळणं, हे सगळं त्यात होतंच. पण दिवसातला जो तास पोराला आतून हलकं करत होता, तो आपण अभ्यासाच्या नावाखाली काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, हे मी त्याच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं.

दम लागेपर्यंत खेळलं की मेंदूत डोपामिन, एंडॉर्फिन ही रसायनं वाढतात, मन निवतं, रात्री झोप लागते. नशाही मेंदूतल्या त्याच सुखाच्या वाटेनं शिरते. फक्त कष्टाशिवाय, एकदम लोंढ्यासारखी, आणि मागं सगळं कोरडं करून जाते. पळायला चाक दिलेले उंदीर कोकेन कमी घेतात, हे प्रयोगशाळांत अनेकदा दिसलं आहे. फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून एक अभ्यास झाला. घर तेच, आईबाप तेच. तरी किशोरवयात सतत बैठं राहिलेल्यांमध्ये पुढं अमली पदार्थांचा वापर जास्त आढळला. ओंकारच्या वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहावीच्या वर्षाला त्यातून सूट नाही.

“खेळून कुणाचं पोट भरतंय मॅडम?” वडील म्हणाले. इथं बहुतेक जण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचं नाव घेतात. मी मुद्दाम घेतलं नाही. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्यपदक आणलं, त्याचा मला फार अभिमान आहे. पण ओंकारनं पदक आणायची गरज नाही. त्यानं साडेपाचला घराबाहेर पडावं, घामाघूम होऊन सातला परत यावं, इतकंच मला हवं होतं.

वडिलांची संगतीची भीती मात्र खोटी नव्हती. सामना जिंकल्यावर दारूच्या पार्ट्या होतात. काही जिममध्ये अंग कमवायला इंजेक्शनं देतात, तीही पुढं नशाच होते. म्हणून बूट कोठीवरून काढा, आणि आठवड्यातून दोनदा स्वतः ग्राउंडवर जाऊन बसा, असं मी सुचवलं. कोच कोण, खेळ झाल्यावर पोरं कुठं जातात, हे बापाला ठाऊक असलं पाहिजे.

ते एकदम सावरून बसले. “मग सुमितलाच रोज पळायला लावू का? गोळ्या बंद. नशा घामावाटं निघून जाईल.”

इथं मी त्यांना थांबवलं, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला हे कळकळीनं सांगते: या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करू नका. शरीराला सवय झालेली असते, अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. मानसोपचारतज्ज्ञ डोस हळूहळू उतरवतात. व्यायाम त्या उपचाराला जोड म्हणून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. कुठं जावं कळत नसेल तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, पैसे लागत नाहीत.

सुमितचे उपचार सुरू झाले. डॉक्टरांना विचारून आधी फक्त चालणं ठेवलं. तंबाखूची तलफ आली की दहा मिनिटं झपाझपा चालायचं. तेवढ्यानं तलफेचा जोर ओसरतो. मध्ये एकदा तो घसरला, दोन दिवस घरी आला नाही. वडिलांनी मारलं नाही, फोन केला. मला ते फार मोठं वाटलं.

चार महिन्यांनी ओंकार एकटाच भेटायला आला, कोपराला नवीन खरचटलं होतं. दादा आता साडेपाचला त्याच्याबरोबर येतो म्हणाला. खेळत नाही. फक्की टाकून मैदान आखतो, रेघ वाकडी गेली की पायानं पुसून पुन्हा ओढतो, आणि सात वाजेपर्यंत बांधावर बसून राहतो.

“खेळ म्हणू का त्याला?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नको. तो म्हणेल तेव्हा.